नऊ इंची

इंजिनाबद्दल सगळे विचारतात.
बॉनेट उघडलं की पंपावरची पोरंसुद्धा
टाचा उंचावून आत डोकावतात.
किती घोडे? मी सांगतो, आठशे.
आणि कुणी म्हणजे कुणी खाली वाकून बघत नाही
ते आठशे शेवटी कुणाच्या मानेवर बसतात ते.

मानेवर नाही. कमरेवर.

गाडी मार्लिसची, एकाहत्तर सालची नोव्हा.
सोमवार ते गुरुवार मन्सीच्या इस्पितळात रात्रपाळीला जाते,
एकतीस मैल, दोन्ही बाजूंना मका,
आणि शनिवारी जुन्या विमानपट्टीवर, पाव मैल.
एका गाडीचे दोन संसार.
कंपनीने दिलेला दहा बोल्टांचा अ‍ॅक्सल
मे महिन्यात फुटला. त्याचे दाते
मी कॉफीच्या डब्यात ठेवलेत. कशाला, ते विचारू नका.

तिला बारा बोल्टवाला हवा होता.
हलका, घर्षणात ताकद कमी खाणारा.
हिशेब बरोबर होता तिचा, कागदावर.
मी कागद वाचला आणि डॉयलची गोष्ट काढली,
जी तिने चाळीसदा ऐकलीय:

अठ्ठ्याऐंशी साल. हिरवा दिवा. माझा भाऊ सुटला,
आणि सहाशे फुटांवर डावीकडून
एक चाक त्याला ओलांडून गेलं.
डॉयल म्हणायचा, मला वाटलं, कुणा बिचाऱ्याचं निघालं!
त्याचंच होतं. शर्यत त्याच्या चाकाने जिंकली,
डॉयल मागून आला, तीन चाकांवर, ठिणग्या पेरत.
दांडी धरून ठेवणारी ती क्लिप
अंगठीएवढी असते. दांडी तुटली
की चाकाला घर उरत नाही.

"डॅड, त्याच्यावर आता उपाय आहे."
आहे. ठाऊक आहे मला.
उपाय सगळ्यावर असतो, वरातीमागून.

थर्मनच्या भंगारात एक डाना पडला होता,
वीस वर्षं ब्रेडचा ट्रक ओढलेला.
तो जन्मात तुटला नसता.
मी बुटाने ढकलून पाहिला. हलला नाही.
घोडामैदान समोर असताना बैल कोण जुंपतो?

त्याच्या पलीकडे, गवतात, नऊ इंची.
फोर्डचा. शेव्हरलेच्या पोटाखाली फोर्ड!
माझे वडील असते तर दोन दिवस जेवले नसते.
टेप लावली: दोन्हीकडून दीड-दीड इंच जास्त.
कापला, जिगमध्ये सरळ बांधला,
एक टाका इकडे, एक समोर, मधे निवू देत,
कारण लोखंड घाई लक्षात ठेवतं
आणि नंतर वाकून दाखवतं.
दांड्या पस्तीस खाचांच्या, कोऱ्या. तिथे हात आखडला नाही.

मग गिअरवरून वाजलं.
ती म्हणे साडेचार, मी म्हणे साडेतीन.
साडेचारवर गाडी रेषेवरून उडते,
आणि घरी येताना इंजिन एकतीस मैल किंचाळतं,
रात्रभर कुणाच्या नाड्या मोजून आलेल्या माणसाच्या कानात.

पण नऊ इंचीचं एक आहे. त्याचं काळीज पुढून निघतं.
दांड्या ओढा, शाफ्ट सोडा, दहा नट,
की अख्खं डिफरन्शियल हातात.
म्हणून दोन बांधली. साडेतीनचं रोजचं,
साडेचारचं शनिवारचं. शुक्रवारी संध्याकाळी बदलायचं,
रविवारी पुन्हा उलट.

ऐंशी पौंड ओतीव लोखंड,
उताणं झोपून, छातीवर तोलत वर चढवायचं.
मला एकट्याला या वयात जमत नाही.
ती येते. झोप अर्धी टाकून येते.

परवा मनगटाने केस मागे सारत म्हणाली,
"अ‍ॅल्युमिनियमचं मिळतं ना? वीस पौंड हलकं.
तुला एकट्यालाही उचलेल."
मी म्हटलं, महाग पडतं.
"किती महाग?"
मी म्हटलं, तो नट दे.

तिने दिला. गाडीखाली दिवा एकच होता,
त्यामुळे चेहरा नीट दिसला नाही.
दहा नट असतात.
मी सावकाश आवळतो.