डाग

दारावर शिपायानं माझा टेस्टर काढून घेतला.
खिशात राहिला होता, तीस वर्षं राहतोच आहे.
लायटर, गुटख्याच्या पुड्या, कुणाचं नेलकटर
आणि त्यांत माझा पिवळ्या मुठीचा टेस्टर,
अशी ती बादली.
जाताना घेऊन जा काका, म्हणाला,
आणि मनगटाला निळी कागदी पट्टी चिकटवली
दवाखान्यात चिकटवतात तशी.

डोममध्ये आठ हजार माणसं.
सुलभानं कानांत घालायला कापूस दिलेला,
तो मुठीत धरून मी एका खांबाशी उभा.
स्टेजवर अजून कुणी नाही, तरी
बरगड्यांत काहीतरी घरघरतंय.
मी ओळखतो तिला, पन्नास हर्ट्झची ती.
सातपूरला, रिलेच्या कारखान्यात,
ती ऐकू आली की आम्ही मशीन बंद करायचो,
कुठं अर्थिंग सुटलंय ते शोधायचो.
इथं तिच्यावर शिट्ट्या पडत होत्या.

मग धूर. मग निळा उजेड.
मग 'काचबिंदू' असं नाव लावणारी चार पोरं
(माझ्या आईला होता. हौसेनं कुणी घेतं का हे नाव?)
आणि डावीकडं, तीन मजली कीबोर्डांच्या मागं,
ओजस्विनी बोडके.

ही मखमलाबादहून सायकलवर यायची
अशोकनगरच्या माझ्या टपरीत.
आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला कीबोर्ड,
मेनरोडवरून घेतलेला, सेकंडहँड,
आणि त्याची वरची काळी चार मुकी.
"किती दिवस झाले?"
"दोन वर्षं."
"मग वाजवतेस कशी?"
"ती सोडून."
प्लेटवरची वाट केसाएवढी तुटली होती.
मी डाग दिला. जस्ताचा एक थेंब,
बाजरीच्या दाण्याहून लहान.
पैसे घेतले नाहीत असं आता सांगावंसं वाटतं,
पण घेतले होते. साठ रुपये.

तोच कीबोर्ड आज सगळ्यात खालच्या मजल्यावर.
वरचे दोन नवे, चकचकीत, परदेशी.
तबलजी नाही, ढोलकी नाही,
एक डबी ठोके देतेय आणि आठ हजार माणसं
एकाच वेळी गुडघ्यातून वाकताहेत.
मी नाही वाकलो. मी वाट बघत होतो.

पहिलं गाणं गेलं. दुसरं.
तिसऱ्यात सूर जिना चढावा तसे वर गेले
आणि नेमके तिथं, काळी चारपाशी,
एक पायरी गाळून पुढच्या पायरीवर.
पुन्हा आले. पुन्हा गाळली.
पट्टी बरी होऊन सहा वर्षं झाली, ओजू,
बोटांना अजून कुणी सांगितलं नाही का?
तोवर लोकांनी चाल उचलली होती.
खांद्यावर मूल घेतलेला बाप, कॉलेजातल्या पोरी,
द्राक्षाच्या हंगामातून उठून आलेले दोन तरुण,
सगळे तिथं आले की
अख्खा डोम उडी मारायचा,
त्या न वाजलेल्या सुरावरून,
जसं दारात कुणी झोपलंय.

शेवटून दुसऱ्या गाण्यात ती पाण्याच्या बाटलीसाठी वाकली
आणि कोपर पडलं.
काळी चार. स्वच्छ. जराही चरचर नाही.
तिनं चपापून वर पाहिलं,
बाजूच्या पोराला वाटलं, मुद्दाम.
लोकांना काहीच वाटलं नाही.
मी कापूस खिशात टाकला.
धरलाय, म्हणालो. डाग धरलाय अजून.
शेजारची मुलगी म्हणाली, काय काका?
म्हटलं, काही नाही, तू नाच.

बाहेर बादलीपाशी रांग.
शिपायानं डोमच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं,
चार तास भिंतीतून जेवढं झिरपलं तेवढंच त्याचं.
टेस्टर शोधताना तो गुणगुणत होता,
जिना चढत होता,
त्या पायरीपाशी आला,
उडी मारली,
आणि म्हणाला, पिवळाच ना तुमचा?