वस्तीची गाडी

रात्री सव्वाआठला कदंब हिवऱ्याला येते
आणि फणसाखाली उभ्यानं झोपते.
रोहिदास ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर मच्छरदाणी बांधतो,
कंडक्टर झिलू देवळाच्या मंडपात आडवा होतो.
पहाटे पाच चाळीसला इंजिन खोकलं
की गावातल्या अकरा जणांनी
तोंडातला ब्रश काढायचा.

आम्ही अकरा.
चौघं वाळपईच्या हायर सेकंडरीला,
एक होंड्याला आयटीआयत,
बाकी साखळीच्या कॉलेजात.
गेल्या वर्षी सतरा होतो.
मुलगे अठराचे झाले की एकेक करून
वळणावर हॉर्न देत आमच्या खिडकीशेजारून पुढे जातात,
हेल्मेट आरशाला अडकवलेलं.
दिगंबर तर आता हातही करत नाही.

सुलक्षा याच गाडीतून गेली
आणि मग आणखी कशाकशातून, माग्देबुर्गला.
तिथं म्हणे ट्राम दोन मिनिटं उशिरा आली
की थांब्यावरची माणसं
कुणी गेल्यासारखी घड्याळं बघतात.
मी लिहिलं, काल कोपर्ड्यापासून
गियरची दांडी झिलू हातात धरून बसला होता.
ती खूप हसली.
मग बऱ्याच दिवसांनी, रात्री उशिरा लिहिलं तिनं :
आज धावत आले. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं
आणि दार मिटून घेतलं.
रोहिदास असता तर?

रोहिदास असता तर आईवरून शिवी दिली असती
आणि थांबला असता.
पण जानेवारीत तीन दिवस गाडी आलीच नाही,
माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल तसंच राहिलं,
ते मी तिला कळवलं नाही.
वर्गातल्या आयरिशचा भाऊ स्विंडनला असतो,
त्याच्या गल्लीत रविवारी बसच नाही.
ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

शिमगा झाला आणि एका सोमवारी झिलू म्हणाला,
कलेक्शन नाही.
डेपोतून कागद आलाय.
सकाळच्या फेरीला एकशे नव्वद रुपये,
डिझेलसुद्धा सुटत नाही,
पुढच्या महिन्यापासून वस्ती बंद.
आणि आम्ही?
त्यानं गळ्यातलं मशीन माझ्यापुढे धरलं.
पासवाल्याला यातून कागद निघत नाही, बाय.
अकरा चढतात, अकरा उतरतात,
ह्याच्या लेखी गाडी मोकळी.

मी पास काढून बघितला.
लॅमिनेशनच्या आत माझा दोन वेण्यांचा फोटो,
वर गोल शिक्का,
अर्धा कपाळावर.

सुलक्षाला विचारलं, तुमच्याकडे कसं?
म्हणाली, दारावर एक बारीक डोळा आहे.
पास आहे की तिकीट, त्याला कळत नाही.
डोकी मोजतो.

दुसऱ्या दिवशी फणसाखाली आई उभी.
लग्नाकार्याची साडी, काखेत पिशवी, पिशवीत काही नाही.
वाळपईला काय काम?
काही नाही.
चढली, आणि रोहिदासलाही ऐकू जाईल असं म्हणाली,
‘एक वाळपई.’
तिच्यामागे सातेरीचा गुरव.
त्याच्यामागे दिगंबरचा बाप,
ज्याच्या दारात दोन स्कूटर आणि एक जीप.
‘एक साखळी,’ तो म्हणाला,
आणि सुट्टे नाहीत म्हणून झिलूशी भांडलादेखील.
मशीन करकरत कागद ओकत होतं.
मी वेळूस येईपर्यंत बाहेरच बघत राहिले.
लाज वाटत होती.
कसली, ते अजून नीटसं सांगता येत नाही.

संध्याकाळी घरी आले तर आई उंडे कापत होती.
परतीची गाडी अकराला,
तोवर स्टँडवर काय केलंस?
बसले, म्हणाली.
पाट्या वाचल्या.
वास्को आहे, फोंडा आहे, बेळगाव आहे.
सुरी थांबली जराशी.
बेळगावची रितीच गेली गो.