खांब क्रमांक चौदा

अकरा वर्षं मी ठोकळे फोडतोय
भांडुपला, पत्र्याच्या शेडमधल्या लॅबमध्ये.
दीडशे मिलिमीटरचा घन,
अंगावर लाल रंगात तारीख आणि खांबाचा नंबर.
अठ्ठावीस दिवस टाकीत, सत्तावीस अंशांच्या पाण्यात;
रोज सकाळी थर्मामीटर बुडवून बघतो,
घरी पोराचा तापही इतक्यांदा बघितला नसेल.
मग काढायचा, पुसायचा, यंत्राच्या जबड्यात ठेवायचा.
काटा चढत जातो
आणि अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज,
फक्त अडकित्ता दोनशे टनांचा.
त्रेचाळीस पूर्णांक दोन. पास.

तुकडे मागच्या दारी.
त्यांच्यावर बसून आम्ही चहा पितो.

परवा रेळेकर मॅडम म्हणाल्या,
गोवंडीला जा, हातोडा घेऊन जा,
चौदा नंबरच्या खांबाबद्दल कुणीतरी पत्र लिहिलंय.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी खांब बघायला गेलो.
ठोकळा जिथून येतो ते गाव बघायला.

खांबाभोवती गोणपाट, वाळून कडक झालेलं.
बिफन महतो पाइप धरून उभा.
"हम तो रोज मारते हैं पानी, साब.
इतवार को टँकर नहीं आता."
आणि मग, न विचारताच:
त्या दिवशी गाडी तुर्भ्याहून निघाली,
मानखुर्दला दीड तास अडकली,
आली तेव्हा माल घट्ट, नळीतून उतरेना.
ड्रायव्हरने ड्रममध्ये पाइप सोडला.
किती वेळ? "एक बीडी होईतो."

ठोकळ्यांचा माल तेव्हा प्लांटवरच भरून झाला होता,
सावलीत, तीन थरांत,
प्रत्येक थराला मोजून पस्तीस ठोके.

मी हातोडा टेकवला.
छातीच्या उंचीला टण्ण. अडतीस. सदतीस.
गुडघ्याजवळ आवाज बसला.
चोवीस. बावीस. परत बावीस.
आई कुंभारवाड्यात माठ घ्यायची
बोटाच्या पेराने वाजवून,
आणि न बोलता खाली ठेवायची, पुढचा उचलायची.
मला खाली ठेवता येत नव्हतं.
वर सहा मजले होते.

साइटचे चिटणीस आले, हातात प्लास्टिकचा फोल्डर.
"अहो, हा तर पास आहे. तुमच्याच लॅबचा रिपोर्ट,
ही बघा, तुमचीच सही."
सही माझीच होती.
आकडाही खरा होता.
मी ज्याला ओळखत होतो त्याचाच होता तो,
फक्त तो इथे राहत नव्हता.

मग कोअर काढले, तीन.
हिऱ्याचं पातं फिरलं, राखाडी पाणी चपलांत शिरलं.
पहिला एकतीसला फुटला, दुसरा अठ्ठावीसला.
तिसरा यंत्रापर्यंत आलाच नाही,
हातातच दोन झाला,
मध्ये पोकळी, पोकळीत
तंबाखूची चुरगळलेली पुडी, रंग अजून ताजा.

बिफनने भोकात बोट घालून पाहिलं.
"कच्चा है क्या?"
रिपोर्ट येईल, मी म्हटलं.
तो हसला नाही, रागावलाही नाही,
पाइप उचलला आणि पंधरा नंबरकडे गेला.

परत येताना एवढंच डोक्यात:
ठोकळा फुटतो म्हणून त्याचं काय ते कळतं.
खांबाला तेवढी सोय नाही.

आज सकाळी नवे ठोकळे आले, टेम्पोतून, सहा.
बावीस नंबरच्या खांबाचे.
आणणारा पोरगा नवा, पावतीवर सही मागत होता.
मी विचारलं, हे भरले कुठे?
प्लांटवर की साइटवर? पाणी मारायच्या आधी की नंतर?
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग पावतीकडे,
तिथे तो रकाना नव्हता.

ठोकळे मी टाकीत सोडले.
बराच वेळ
त्यांच्यातून बारीक बुडबुडे वर येत होते.
पावती अजून माझ्या खिशात आहे.