एक्क्याऐंशी भोकं

एक्क्याऐंशी. दोनदा मोजली.
तीस वर्षं लष्कर शाखेत कॅशला काढल्यावर
मोजल्याशिवाय हात पुढे जात नाही.
एक्क्याऐंशीतली चालू बत्तीस,
त्यातली सरळ एकोणीस,
उरलेली तेरा मनाला येईल तिकडे:
काही खिडकीवर, काही टॉवेलवर,
एक दाराच्या फटीतून थेट बाहेर, पायपुसण्यावर.

तौफिकभाई आला, मान वर करून बघितलं,
म्हणाला, "मॅडम, ह्याचा दगड झालाय.
बाराशेत नवा बसवतो.
दोन वर्षांत त्याचाही होईल."
हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं
की मी त्याला चहा दिला
आणि शॉवर बदलला नाही.

उंड्रीचं पाणी.
सातशे फुटांवरून वर येतं,
वाटेत भेटेल त्या खडकाचं थोडंथोडं उचलतं,
माहेरून निघताना पिशव्या भरून घ्याव्यात तसं,
आणि सगळं आमच्याकडे उतरवून जातं.
बादलीच्या कडेला पांढरी रेघ.
गीझरच्या कॉइलवर कवच.
डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही,
वरच्या खिंवसरा काकू केसांसाठी बिसलेरी आणतात,
आणि मोरेश्वरांच्या डाव्या मूत्रपिंडात
सहा मिलिमीटर.

तो खडा आता शोकेसमध्ये असतो,
औषधाच्या बाटलीत, तारीख घालून.
आल्यागेल्याला हलवून दाखवतात. वाजतो.
डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे होत नाही,
पाणी कमी प्यायल्यामुळे होतो.
मी मान डोलावली.
पटलं नाही.

रात्री भांडी आवरल्यावर स्टूल घेतलं.
दुधाची धुतलेली पिशवी (मी टाकत नाही),
तिच्यात निम्मं व्हिनेगर, निम्मं कोमट पाणी,
चमचाभर लिंबूसत्व.
शॉवरचं तोंड आत बुडवून
कोथिंबिरीच्या जुडीचं रबर मानेशी गच्च.
"सलाइन लावलंस होय?" मोरेश्वर दारातून.
"झोपा. तुम्हाला नाही ना असं टांगता येत."
ते हसले.
बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून नोंद करून ठेवते.

दिवा मालवून तशीच बसले स्टुलावर.
नीट ऐकलं तर ऐकू येतं,
बारीक, अगदी बारीक चुरचुर.
फोडलं नव्हतं, खरवडलं नव्हतं,
नुसतं आंबटाच्या शेजारी बसवून ठेवलं होतं
आणि दगड
आपणहून बोलायला लागला होता.

सकाळी पिशवी सोडली.
तळाशी गढूळ पांढरं, तांदळाच्या धुवणासारखं.
जुना ब्रश फिरवला,
हट्टी भोकांना गोधडीची सुई.
ऐंशी.
एक काही केल्या उघडेना,
कडेचं, खिडकीच्या अंगाचं.
एक रुपया जुळेना म्हणून
रात्री आठ-आठपर्यंत शाखेत बसलेली मी,
सुई परत डब्यात ठेवली.
असू दे तफावत.

नळ फिरवला.
पाणी पडलं. सरळ, सगळंच्या सगळं, एका जागी,
आणि माझ्या अंगावर थेंब नाही.
मी उभी होते डावीकडे,
भिंतीला खांदा लावून, मान तिरकी,
जशी गेली चार वर्षं उभी राहत आलेय,
पाणी जिथं येत होतं तिथं.
ऐंशी धारा रिकाम्या फरशीवर
आणि मी कोरडी, त्यांच्याकडे बघत.

टँकरचे दिवस. एवढं पाणी
मी कधी वाया घालवत नाही.
मग एक पाऊल टाकलं,
उजवीकडे.

बाहेर मोरेश्वर पायपुसण्यावर उभे,
पायाने ते चाचपत:
"अगं, हे आज कोरडं कसं?"