प्रेसमध्ये बघ

गॉर्ट गावात, आयर्लंडच्या पश्चिमेला,
रोझांजेला कामाला लागली त्या सकाळी
डिंपना म्हणाली, "साखर प्रेसमध्ये आहे गं."

रोझांजेला इंग्रजी शिकून आली होती,
ब्राझीलमधल्या अनापोलिसला, रात्रीच्या वर्गात,
पुढच्या बाकावर बसून.
तिच्या वहीत प्रेस म्हणजे दाबणे.
प्रेस म्हणजे माईक घेऊन पळणारे लोक.
साखर?
तिनं ओट्यावरचं एकुलतं एक बटण दाबलं,
किटली गुरगुरायला लागली.
मग खुर्चीतला पेपर उचलला,
निधनवार्तांचं पान झटकून पाहिलं.

डिंपना हसली नाही.
एकवीस वर्षं तिचा नवरा खिळे जुळवत होता
एका साप्ताहिकाच्या छापखान्यात, म्हणजे प्रेसमध्ये,
आणि त्याचा चहाचा मग इथे भिंतीत, तोही प्रेसमध्ये.
नवी नवरी असताना ती दारावर आलेल्याला सांगायची,
"फाख्तना प्रेसमध्ये आहे,"
तर शेजारीण आत येऊन मुद्दाम कपाट उघडायची,
"बाहेर ये रे, बायको वाट बघतेय."
हा विनोद इतका वापरला त्या घरानं
की त्याच्या कडा झिजल्या,
सगळ्यात जास्त लागणाऱ्या अक्षराच्या खिळ्यासारख्या.

"बाकीचं जग कबर्ड म्हणतं," ती म्हणाली,
"कपांची फळी. आम्ही त्यात कपही ठेवतो,
औषधं, दोऱ्या, बिलं, सगळंच.
आणि वर जिन्याशी आहे तो हॉट प्रेस.
तो तू उघडू नकोस."

मार्चमध्ये पाऊस आडवा यायला लागला.
चार दिवस टॉवेल वाळेनात.
रोझांजेलानं दार उघडलं.

आत तांब्याची टाकी, लाल जाकीट घातलेली,
पोटातलं पाणी स्वतःशी बोलणारी.
वर लाकडी पट्ट्या, चादरी, अभ्रे,
आणि अगदी मागे, टाकीला टेकून,
सात शर्ट.
बाह्यांवर शाई, जाता न गेलेली.
चुरगळलेले.
वहीत अजून एक अर्थ होता, इस्त्री करणे.
इतकी वर्षं प्रेसमध्ये,
आणि प्रेस न केलेले.
तिनं एका बाहीत हात घातला.
बाही गरम होती,
नुकतीच कुणी काढून ठेवावी तशी.

"थंड लागायचे हाताला," मागून डिंपना म्हणाली.
जिना ती एकटीनं चढून आली होती,
डॉक्टरांनी बजावलेलं असताना.
"लाकडी कपाटात होते तेव्हा. म्हणून इकडे."

काय बोलावं ते रोझांजेलाला
कुठल्याच भाषेत सुचेना.
म्हणून तिनं सांगितलं,
आमच्याकडे प्रेसा म्हणजे घाई.
आई रोज ओरडायची, प्रेसा, प्रेसा, बस जाईल.

"घाई?" डिंपनानं तो शब्द
जिभेवर फिरवून पाहिला, खडीसाखरेसारखा.
"या घरात? छे."

पुढच्या गुरुवारी मात्र एक शर्ट खाली आला.
इस्त्री तापली. वाफ आली,
वाफेला अजून शाईचा वास होता,
निदान डिंपनाला तरी आला.
बाहीवर इस्त्री पोचली तेव्हा म्हणाली,
"तेवढं राहू दे."

दोन दिवस तो शर्ट
स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या मुठीला टांगलेला होता.
साखर काढताना दरवेळी
त्याला बाजूला करावं लागायचं.
शनिवारी तो परत वर गेला,
अर्धा सरळ, अर्धा तसाच.