खिसे

लुगड्याला माझ्या खिसा न्हाई.
पैसं कनवटीला, मिश्रीची डबी झंपरात.
आनि निपाणीच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हनतोय,
दातांच्या बुडाला खिसं पडल्यात.

"बायि तेगी," म्हनला. तेवढं कन्नड कळतंय.
बारीक दाभन हिरडीत घालून मोजाय लागला,
एरडु, मूरु, मूरु, ऐदु.
आकडं मला पाठ.
इडीचं कट्टं मोजताना मुकादम असाच मोजतो,
तिथं आकडा वाढला की जिवाला बरं वाटतंय.
हितं ऐदु लिवताना नर्सबाईनं भुवई वर केली.
आरु आला तवा
मीच डोळं मिटलं.

नर्सबाई अक्कोळची. मराठीत म्हनली,
"सुंदराक्का, दातावर कीटण चढतंय,
हिरडी सुजत्या, मग दाताला सोडत्या.
दुखत न्हाई, म्हनून कळत न्हाई."

खरं हाय. दुखलं न्हाई कधी.
पेरूच्या गराला लाल लागलं,
मला वाटलं पेरूच तांबडा.
भाकरीला लागलं, म्हनलं उष्णता.
लेक बोलताना खिडकीकडं तोंड फिरवायची,
म्हनलं, तिला एसटी लागत्या.

मिश्री आईनं शिकवली, नवव्या वर्साला.
तव्यावर तंबाखू करपवायची,
शेजारीन खोकली की समजायचं, झाली.
हिरडी बधिर व्हायची.
त्यालाच मी बरं वाटनं म्हनत आले
चाळीस वरसं.

दोन खेपंला कीटण खरवडून काढलं.
ताटलीत असं पडलं, जसा तवा खरवडावा.
आता दातांत फटी दिसत्यात, गार पानी झोंबतंय.
ब्रश मऊ, हिरडीच्या कडंला तिरका धरायचा,
रगडायचं न्हाई. दोन मिनटं.
निजताना बी.

दोन मिनटं म्हंजे चार इड्या.
सकाळ-रात धरून आठ.
आठ इड्या रोज तोंडाला द्याय लागले.
मुकादमाला सांगितलं न्हाई.

तरी खालचा एक गेलाच.
नातीचा बी त्याच आठवड्यात पडला, पुढचा.
प्राचीनं तिचा कौलावर फेकला,
"आज्जी, तुझा बी फेक."
फेकला.
तिचा ऱ्हायला वर.
माझा घरंगळत खाली आला, अंगनात.

उचलला, डबीत ठेवला.
डबी रिकामीच हाय आता.
झाकन काढलं की वास अजून येतोय.