तिसरी पाळी

दोन ते तीन हा तास माझा.
मदर लिओकाडिया एक ते दोन बसतात,
मग गुडघे धरत उठतात
आणि माझ्या खांद्याला एक बोट लावतात.
बोलायचं नसतं. रात्रीच्या प्रार्थनेनंतर
या घरात फक्त पाण्याची टाकी बोलते.

घर म्हणजे रबाळ्यात, एमआयडीसीच्या कडेला,
बंद पडलेल्या दवाखान्याचा वरचा मजला.
अकरा जणी होतो. आता तिघी,
आणि एक मांजर, जिनं कुठलंच व्रत घेतलेलं नाही.

आबा साखर कारखान्यात होते, राहुरीकडे.
तिसऱ्या पाळीचा भोंगा झाला की आई झोपेतच कूस बदलायची.
मठात जाते म्हटलं तेव्हा आबांनी विचारलं,
"पण काम काय असतं गं तिथं?
नुसतं बसायचं?"

मंगळवारी संध्याकाळी सॉल्व्हंटच्या कंपनीत स्फोट झाला.
खिडक्यांच्या काचा आत आल्या,
स्तोत्राची ओळ अर्धीच राहिली.
आधी पिवळा धूर, मग काळा, मग नुसता वास,
उशीला, झग्याला,
जिभेवर ठेवलेल्या पवित्र भाकरीलासुद्धा.
ठेकेदार म्हणाला, आत चौघं होते.
गेटवर बायकाच एकोणीस.

तिसऱ्या रात्री, माझ्याच तासाला, खालचं दार वाजलं.
नियम असा, की उघडायचं नाही.
मी बराच वेळ नियम ऐकत राहिले.
मग जिना उतरले.

तिला प्रार्थना नको होती.
पाणीही नको.
"चार्जर आहे का? दोन टक्के उरलेत.
त्याचा फोन अजून वाजतो, सिस्टर.
साधा आहे, बटणांचा. आठवडाभर टिकतो."

स्फोटापासून घरात एकाच बटणाला वीज होती:
परमप्रसादाच्या पेटीपाशी,
जिथे लाल दिवा लावलेला.
एकोणतीस वर्षांत तो विझलेला मी पाहिलाय
वर्षातून एकदाच, त्या शुक्रवारी,
पेटी रिकामी असते तेव्हा.
विझलेला दिवा म्हणजे, तो इथे नाही.

मी पिन काढली.

इतका अंधार, की तिचा चेहरा
फोनच्या उजेडापुरताच राहिला.
तिनं स्पीकर लावला.
रिंग जाऊ लागली.
कुठल्या तरी ढिगाऱ्याखाली, कुणाच्या तरी खिशात,
आमच्यापासून पाचशे पावलांवर
काहीतरी वाजत होतं
आणि उचलत नव्हतं.
मला जपाचे शब्द सुचेनात.
हातात मणी होते. एका मण्याला एक रिंग
अशी मोजत गेले.
पूर्ण वाजून तुटली, की ती पुन्हा लावायची.
नाव सुकमती, हे मला पहाटे कळलं.

तीनला सिस्टर ब्लँडिना आल्या.
दाराशी थबकल्या. विझलेला दिवा पाहिला,
लोंबणारी वायर पाहिली,
आणि सुकमतीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.
मीही उठले नाही.
थोड्या वेळानं मदरच्या चपला वाजल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी रिंग गेली नाही.
एक बाई अगदी नीट उच्चारांत
तीन भाषांमध्ये सांगू लागली,
की आपण संपर्क करीत असलेली व्यक्ती.
सुकमतीनं तरी नऊ वेळा लावला.
मग वायर बोटांभोवती गुंडाळून
माझ्या हातात दिली,
उसनी वाटी परत करावी तशी.

सकाळी फादर मिस्सेला आले.
"दिवा का बंद?"
"लोड आला होता," मदर म्हणाल्या,
आणि स्टीलच्या वाटीत तेल ओतून
त्यांनी वात लावली.

यादीत अजून चौघंच आहेत.
बटणापाशी आता एक लांब बोर्ड आहे,
त्यावर कधी सहा फोन, कधी सात.
खालचं दार रात्री लोटलेलं असतं.
कडी घालायची मी विसरते.
ब्लँडिनाही विसरतात.